नोंदवही आपल्या हातात हवी

आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये नमाजच्या वेळा आणि किब्ला दाखवणारे एखादे ॲप असते. अम्मीच्या फोनमध्येही आपणच ते टाकून दिलेले असते. या प्रकारच्या ॲपांत ‘मुस्लिम प्रो’चे नाव जगभर ओळखीचे आहे. १६ नोव्हेंबर २०२० रोजी ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी संकेतस्थळाने त्याच्याबद्दल एक बातमी दिली. तोवर ९ कोटी ८० लाखांहून अधिक वेळा डाउनलोड झालेले हे ॲप, वापरणारा माणूस नेमका कुठे आहे ही माहिती ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीला पाठवत होते; आणि या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्करासाठी काम करणारे कंत्राटदार होते. बातमी आल्यावर मुस्लिम प्रोने एक्स-मोडशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. लष्कराला आपण थेट काही विकलेले नाही, असेही सांगितले. डिसेंबरमध्ये ॲपल आणि गूगल यांनी सर्वच ॲपांना एक्स-मोडचा कोड काढून टाकायला लावला. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीला, तोवर तिचे नाव आउटलॉजिक झाले होते, संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली.

बातमी आली तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ती भरपूर फिरली. ‘ताबडतोब डिलीट करा’ असे मेसेज आले, काहींनी डिलीट केले, आणि आठवड्याभरात दुसरे ॲप टाकले. हे सगळे कळले कसे, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही.

पत्रकारांनी ते ॲप फोनवर चालवले आणि फोनमधून बाहेर जाणाऱ्या इंटरनेटच्या वाहतुकीची नोंद करणारे सॉफ्टवेअर लावून ठेवले. एक्स-मोडच्या पत्त्यावर ठिकाणाची माहिती पुन्हा पुन्हा जाताना त्यांना दिसली. अँड्रॉइडवरही दिसली आणि आयफोनवरही. नोंद समोर असल्यामुळे कंपनीला ‘असे काही होतच नाही’ म्हणायची सोय उरली नाही.

दीड वर्षाने तेच पुन्हा घडले. ॲपकेन्सस या संस्थेचे सर्ज एगलमन आणि जोएल रिअर्डन या संशोधकांना अनेक ॲपांमध्ये पनामात नोंदलेल्या ‘मेझरमेंट सिस्टिम्स’ या कंपनीचा कोड सापडला. फोन नंबर, ई-मेल, आसपासच्या उपकरणांची ओळख असे बरेच काही तो गोळा करत होता. एप्रिल २०२२ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने ही बातमी दिली आणि या कंपनीचे धागे अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या एका संरक्षण कंत्राटदारापर्यंत जातात हे दाखवले. त्या यादीत अजानची वेळ सांगणारे ‘अल-मोअझिन लाइट’ होते, किब्ल्याचे एक ॲप होते. गूगलने ती ॲपे काढली आणि तो कोड वगळल्यावरच परत येऊ दिली. हाही शोध ॲप प्रत्यक्ष चालवून, त्यातून काय बाहेर जाते ते नोंदवूनच लागला होता.

नेटवर्कच्या वाहतुकीची नोंद म्हटले की आपल्याला पहिल्यांदा पाळत आठवते. आठवावीच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ सरकारला मजकूर पाहण्याचा अधिकार देते, कलम ६९ ब वाहतुकीचा डेटा गोळा करण्याचा. २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने केंद्रीय गृहखात्याने दहा यंत्रणांना कलम ६९ खालचे अधिकार दिले. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सरकारला आपल्याच यंत्रणांना त्या कायद्यातून सूट देता येते. ज्या समाजातल्या मुलाला नुसत्या नावावरून भाड्याने खोली मिळत नाही, त्याला या यादीची भीती वाटणार नाही तर कुणाला? पण या भीतीतून आपण एक चुकीचा निष्कर्ष काढून बसलो आहोत. नोंदच नसली तर आपण सुरक्षित, असे आपल्याला वाटते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. दुसरा आपली नोंद ठेवणारच आहे. आपल्याकडे आपली स्वतःची नोंद नसेल, तर वाद झाल्यावर त्याचाच कागद खरा ठरतो.

मुंबईच्या ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांचा खटला आठवा. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी धरले, त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या सर्वांची शिक्षा रद्द केली. तोवर १९ वर्षे गेली होती आणि त्यांतला एक जण तुरुंगातच मरण पावला होता. (सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली आहे, सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितलेले नाही.) या खटल्यात आरोपी वर्षानुवर्षे एक गोष्ट मागत होते, ती म्हणजे आपल्या फोनचे सीडीआर, कॉलच्या नोंदी. आपण त्या वेळी कुठे होतो, कुणाशी बोललो आणि कुणाशी बोललोच नाही, हे त्या नोंदी सांगतील, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. या नोंदी दडवल्या गेल्या, जपल्या गेल्या नाहीत, यावर उच्च न्यायालयाने निकालात कडक शब्दांत बोट ठेवले.

सीडीआरमध्ये बोललेला शब्द नसतो. कुणी, कुणाला, केव्हा, किती वेळ आणि कोणत्या टॉवरखालून, एवढेच असते. नेटवर्कची नोंद याच जातीची आहे. पत्र आत काय आहे ते सांगत नाही. पाकिटावरचा पत्ता, पोस्टाचा शिक्का आणि वजन तेवढे दिसते. तुमच्या राउटरला दिसते ते असे: अमुक वाजता, आतल्या अमुक यंत्राने, बाहेरच्या अमुक पत्त्याशी, अमुक पोर्टवरून संपर्क केला, एवढा डेटा गेला, एवढा आला. बहुतेक संकेतस्थळे आता कुलूपबंद जोडणी वापरतात, म्हणून मजकूर दिसत नाही. साइटचे नाव मात्र बऱ्याचदा दिसते. ते पुढच्या एका अडचणीत महत्त्वाचे आहे.

२००८ चे उदाहरण जवळचे आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल आला. तपासात तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या घरातल्या इंटरनेटवरून गेल्याचे दिसले. त्याच्या वायफायला धड कुलूप नव्हते. कुणीतरी बाहेरून त्याची जोडणी वापरली होती. त्याचे संगणक जप्त झाले, चौकशी झाली, आणि शेवटी त्याचा संबंध नसल्याचे स्पष्ट झाले. ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजचे, सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीचे वायफाय तसेच वापरले गेले. त्यानंतर २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलीस उघडी वायफाय शोधत रस्त्यांवरून फिरू लागले. त्या वेळची कात्रणे वाचताना माझ्या मनात एकच प्रश्न येतो. सानपाड्याऐवजी तो फ्लॅट मुंब्र्यात असता, आणि भाडेकरू अमेरिकी नसून बी.ई. झालेला बावीस वर्षांचा आपल्यातला कुणी असता, तर ‘बाहेरून कुणीतरी वापरले असेल’ हे वाक्य किती जणांनी ऐकून घेतले असते?

त्याच्याकडे राउटरची नोंद असती, एखादे अनोळखी यंत्र अमुक वेळी जोडले गेल्याची, तर ते वाक्य नुसते वाक्य राहिले नसते.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक अभ्यासिका आहे. मोहल्ल्यातल्या लोकांनी वर्गणी काढून उभी केलेली. एमपीएससीची, पोलीस भरतीची, नीटची मुले-मुली येतात. चाळीस खुर्च्या, दोन पंखे कायम बंद, एक ब्रॉडबँड, आणि पासवर्ड भिंतीवर खडूने लिहिलेला. तिथल्या कामात माझाही थोडा हात आहे. एका दुपारी दोन पोलीस आले. या जोडणीच्या पत्त्यावरून एका बनावट खात्याने काहीतरी भडकाऊ टाकले होते. कुणी टाकले? सदरसाहेबांना माहीत नव्हते. सेक्रेटरींना माहीत नव्हते. हजेरीचे रजिस्टर गेले, त्या दिवशी सही केलेल्या सहा मुलांचे फोन गेले. सेक्रेटरी तीन आठवडे ठाण्याच्या बाकावर बसून आले. त्या सहांत एक मुलगा पोलीस भरतीच्याच तयारीत होता. चारित्र्य पडताळणीत हे निघेल म्हणून त्याने त्या वर्षी फॉर्मच भरला नाही. काही महिन्यांनी फोन परत मिळाले. कुणावर गुन्हा नाही, कुणाला खुलासाही नाही.

आता यातली तांत्रिक बाजू बघा, कारण ती माहीत असती तर पहिल्याच दिवशी बोलता आले असते. पोलिसांच्या हातात होता तो आयपी पत्ता. हा पत्ता माणसाचा नसतो, यंत्राचाही नसतो. अभ्यासिकेतले चाळीस फोन राउटरच्या मागे बसलेले असतात आणि बाहेरच्या जगाला एकच पत्ता दिसतो. त्याहून पुढे, पत्ते पुरत नाहीत म्हणून इंटरनेट पुरवणारी कंपनी अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवते. म्हणजे तो पत्ता अभ्यासिकेचा असेल, समोरच्या मेडिकलचा असेल, नाहीतर बायपासजवळच्या लॉजचाही असेल. नेमके कोण हे ठरवायला पत्त्याबरोबर सेकंदापर्यंतची वेळ आणि पोर्ट क्रमांक लागतो, आणि त्या दोन्हींची नोंद कंपनीकडे लागते. ‘साहेब, पोर्ट क्रमांक आणि वेळ द्या, आम्ही आमच्या नोंदीशी ताडून सांगतो’ असे म्हणणारा एक जण जरी तिथे असता, आणि त्याच्यामागे नोंद असती, तर सहा फोन गेले नसते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण सेक्रेटरींना बाकावर गप्प बसावे लागले नसते.

त्यानंतर अभ्यासिकेत एक जुना डेस्कटॉप राउटरशेजारी बसवला. फुकट मिळणारे सॉफ्टवेअर टाकले. प्रत्येकाला खुर्चीच्या क्रमांकाचे वेगळे कूपन दिले. नवे फोन दर नेटवर्कला आपला खोटा हार्डवेअर क्रमांक दाखवतात, त्यामुळे नुसते यंत्र ओळखून भागत नाही, कूपन लागतेच. पहिल्याच आठवड्यात एक मजा झाली. संध्याकाळी नेट रडतखडत चालते, मुले सिनेमे बघतात, अशी सदरसाहेबांची नेहमीची तक्रार होती. नोंद सांगत होती की सगळ्यात जास्त डेटा रात्री दोन ते पाच या वेळात बाहेर जातो. त्या वेळी अभ्यासिकेला कुलूप असते. शोधता शोधता सापडला तो सीसीटीव्हीचा डीव्हीआर. पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता, आणि बाहेरच्या कुणीतरी त्या डब्याचा ताबा घेऊन त्याला कामाला लावले होते. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या किड्याने असेच लाखभर कॅमेरे आणि डीव्हीआर गोळा करून मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली होती, तो हाच प्रकार. आपण सुरक्षेसाठी बसवलेला डबा आपल्याच पत्त्यावरून दुसऱ्याची घरे फोडत होता. ती भडकाऊ पोस्ट अशाच एखाद्या वाटेने गेली असेल का, हे आता कधीच कळणार नाही. त्या दिवसाची नोंद नाही.

मुलांची माफी मात्र सदरसाहेबांनी मागितली. चहाही पाजला.

स्वतःच्या इच्छेने दिलेली नोंद किती कामाची असते, याचे मला माहीत असलेले सर्वात चांगले उदाहरण अल जझीराच्या तामेर अल-मिस्हाल या पत्रकाराचे आहे. आपला फोन हॅक झाला असावा असा त्यांना संशय होता. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबला आपल्या फोनच्या वाहतुकीची नोंद ठेवायला परवानगी दिली. फोनवर एक व्हीपीएन बसवले गेले आणि संशोधक पाकिटावरचे पत्ते तेवढे पाहत राहिले. सहा महिने काही नाही. १९ जुलै २०२० रोजी तो फोन पेगॅसस पसरवणाऱ्या एका सर्व्हरशी बोलताना दिसला. अल-मिस्हाल यांनी कोणत्याही लिंकवर बोट ठेवलेले नव्हते. त्याच्या आधीच्या तासाभरात ॲपलच्या सर्व्हरांशी कधी न झालेले संपर्क नोंदीत दिसत होते, आणि पुढच्या सोळा तासांत अडीचशे एमबीहून अधिक डेटा फोनमधून अनोळखी पत्त्यांकडे गेला. त्या एका धाग्यावरून तपास करत सिटिझन लॅबने डिसेंबर २०२० मध्ये अल जझीराच्या ३६ जणांचे फोन फोडले गेल्याचे जाहीर केले.

पेगॅसस फोनवर आपल्या खुणा फारशा ठेवत नाही. पण चोरलेला माल बाहेर नेल्याशिवाय चोरीला अर्थ नाही, आणि बाहेर नेताना तो दारातूनच न्यावा लागतो. दारात बसलेल्याने वेळ आणि वजन लिहून ठेवले होते.

इथे एक जुना आक्षेप येतो. तो आमच्याकडेही आला. ‘आपल्याच मुलांवर आपणच नजर ठेवायची? हे तजस्सुस नाही का?’ आक्षेप घेणारे मशिदीतले एक बुजुर्ग होते आणि प्रश्न अगदी बरोबर होता. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याची गुपिते हुडकत फिरायला मनाई आहे. हजरत उमर यांच्याबद्दल सांगितली जाणारी गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते: भिंत चढून त्यांनी एका माणसाला गुन्हा करताना पकडले, तेव्हा तो म्हणाला की मी एक चूक केली, तुम्ही तीन केल्या, टेहळणी केली, दारातून आला नाहीत, परवानगी आणि सलाम दोन्ही केला नाही. उमर परत फिरले. पण त्याच कुराणात, सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत, उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहे. व्यवहार लहान असो की मोठा, लिहिणारा न्यायाने लिहिणारा असावा, साक्षीदार असावेत, आणि दोघांपैकी कुणाला त्रास होऊ नये. संपूर्ण कुराणातली ही सर्वात लांब आयत हिशोबाच्या वहीबद्दल आहे, याचे मला दरवेळी नवल वाटते. भिंत चढून डोकावणे आणि दोघांच्या देखत वहीत लिहिणे यांत फरक आहे, आणि तो फरक आपल्या बुजुर्गांना समजावून सांगावा लागत नाही. दुकानदार असतात ते.

खरी अडचण दुसरीकडून आली. नोंद सुरू होऊन महिना झाला नसेल, तोच एका ट्रस्टींनी मला बाजूला घेऊन विचारले, ‘यात कोणती मुलगी काय बघते ते पण दिसतं का?’

दिसते. म्हणजे दिसू शकते. साइटचे नाव बऱ्याचदा दिसते हे वर म्हटले ते यासाठीच. खुला कसा घ्यावा, मेहरचा दावा कुठे करावा, पाळीचा त्रास, दुसऱ्या शहरातले वसतिगृह, कोर्ट मॅरेजचे नियम, यांतले काहीही एखाद्या मुलीने त्या खुर्चीवर बसून शोधले असेल. घरी शोधता येत नाही म्हणूनच ती तिथे येते. ही यादी तिच्या भावाच्या किंवा मामूच्या हातात पडली, तर तिचे अभ्यासिकेत येणे त्याच दिवशी बंद होईल. कदाचित शिक्षणही. सरकारच्या पाळतीवर आपण मोर्चे काढतो, लेख लिहितो. मोहल्ल्यातल्या या पाळतीवर आपण गप्प असतो. मी त्या ट्रस्टींना नाही म्हटले, आणि नुसते नाही म्हणून भागणार नाही हे ओळखून नोंदीची रचनाच बदलायला लावली. एकट्या माणसाला उघडता येईल अशी नोंद ठेवण्यापेक्षा नोंद नसलेली बरी, असे माझे आता ठाम मत आहे.

म्हणून आमच्याकडे आता साइटचे नाव खुर्चीच्या क्रमांकाबरोबर साठवले जात नाही. वेळ, कूपन, बाहेरचा पत्ता, पोर्ट, वजन, एवढेच. नुसत्या पत्त्यावरूनही हुशार माणूस थोडाफार अंदाज बांधू शकतो, हे मान्य. म्हणून फाईल कुलूपबंद असते आणि उघडायला दोन पासवर्ड लागतात. एक सेक्रेटरींकडे, दुसरा विद्यार्थ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधीकडे. यंदा ती प्रतिनिधी एक मुलगी आहे. १८० दिवसांनी फाईल आपोआप पुसली जाते. हा आकडा मनाने घेतलेला नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत इंटरनेट सेवा देणारे, कंपन्या आणि सरकारी कार्यालये यांना लॉग १८० दिवस जपायला सांगितले आहे. अभ्यासिका त्यात बसते की नाही यावर वकील वाद घालोत, मुदत वाजवी वाटली म्हणून घेतली. आणि दारावर मराठीत व उर्दूत पाटी आहे: इथे काय नोंदले जाते, काय नोंदले जात नाही, किती दिवस, आणि आपली नोंद बघायची असेल तर कुणाला भेटायचे. पाटी वाचून दोन जण वायफाय न वापरता स्वतःचा डेटा वापरू लागले. त्यांचा तो हक्क आहे.

मग पोलिसांनी ती फाईलच मागितली तर? आपणच आपल्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली असे होणार नाही का? होऊ शकते, ही भीती खोटी नाही. नोंद जशी सोडवते तशी अडकवूही शकते, आणि आपल्यातल्या एखाद्याने खरोखरच काही वाईट केले असेल तर नोंद तेही सांगेल. मला त्यात गैर वाटत नाही. एकाच्या करणीसाठी सहांचे फोन जाऊ नयेत, हेच तर आपले म्हणणे होते. पण द्यायची रीत असते. तोंडी मागणीवर काही देऊ नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी नोटीस मागावी, जेवढ्या वेळेबद्दल विचारले आहे तेवढाच तुकडा द्यावा, पोच घ्यावी, आणि आपली प्रत जपावी. दररोज रात्री त्या दिवसाची फाईल बंद करून तिचा हॅश, म्हणजे फाईलवरून गणिताने काढलेला ठसा, वेगळ्या वहीत लिहून ठेवावा. फाईलमधला एक अक्षरही बदलला तर ठसा बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली डिजिटल पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यात हा हॅश विचारला जातो. उद्या कुणी म्हणाले की तुमची नोंद मागाहून बनवलेली आहे, तर उत्तर वहीत तयार असेल. आणि हेच उलटेही: समोरच्याने आणलेल्या नोंदीचा हॅश मागायचा आपल्यालाही हक्क आहे. तो मागणारे वकील आपल्याकडे अजून फार नाहीत.

हे काम शिकायला इंजिनिअर असावे लागत नाही. वायरशार्क नावाचे सॉफ्टवेअर १९९८ पासून फुकट मिळते आणि जगभरचे अभियंते आजही तेच वापरतात. अँड्रॉइडवर पीकॅपड्रॉइड हे ॲप फोन रूट न करता कोणते ॲप कोणत्या पत्त्याशी बोलते ते लिहून ठेवते. आयफोनच्या सेटिंगमध्ये ‘ॲप प्रायव्हसी रिपोर्ट’ सुरू केला की तीच माहिती आठवड्याची दिसते. स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या घरात, घरच्यांना सांगून हे करा. दुसऱ्याच्या नेटवर्कवर गुपचूप केलेत तर तो गुन्हा आहे, आणि वर सांगितलेली भिंतीची गोष्टही तुम्हाला लागू होईल.

मागच्या रमजानमध्ये अभ्यासिकेतल्या सात-आठ मुलांनी इफ्तारनंतर हा उद्योग केला. प्रत्येकाने आपल्या फोनमधले नमाजचे ॲप चालू ठेवून रात्रभराची नोंद घेतली आणि तरावीहनंतर दुसऱ्या दिवशी सगळे मिळून ती बघत बसले. दोन ॲपे जवळजवळ गप्प होती. वेळा फोनमध्येच मोजत होती. एक ॲप रात्रभर जाहिरातवाल्यांच्या पत्त्यांशी बोलत होते, पडदा बंद असतानासुद्धा. ज्याच्या फोनमध्ये ते होते, त्याने तिथल्या तिथे अम्मीला फोन लावला, कारण तिच्याही फोनमध्ये त्यानेच टाकून दिले होते. ते काढून टाक म्हणाला. अम्मीने विचारले, मग सहरीची वेळ कशी कळणार? स्पीकरवर होता फोन, सगळे ऐकत होते. तिनेच पुढे सांगितले की स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूला मशिदीने वाटलेला टाइमटेबल लावलेला आहे, आणि ती तोच बघते. ॲप तिने कधी उघडलेच नव्हते.